न जन्मलेल्या माणसाची सही

सकाळच्या उजेडाला त्या खोलीत शिरण्याची घाई नव्हती. आधी तो खिडकीच्या वरच्या काचेवर थबकला, जुन्या काचेतल्या बारीक बुडबुड्यांपाशी किंचित फुटला, आणि मग एखाद्या संकोची पाहुण्यासारखा भिंतीला धरून खाली उतरू लागला. कपाटाची कड उजळली. कपाटावरच्या बंद पडलेल्या घड्याळाची तबकडी उजळली. मोठ्या खुर्चीच्या पाठीवर, जिथे आजवर बसून गेलेल्या माणसांच्या डोक्यांनी कातडं काळवंडलं होतं, तिथे तो बराच वेळ रेंगाळला. टेबलापर्यंत पोहोचायला त्याला वीस मिनिटं लागली. तिथे आल्यावर मात्र त्याने हातपाय पसरले: शाईचे जुने डाग, कपांच्या बुडांची फिकट वर्तुळं, कुणीतरी कंटाळून टोकदार वस्तूने कोरलेली एक रेघ, सगळं त्याने एकेक करून दाखवलं. धुळीचे कण त्यात तरंगत होते. असला उजेड कुणी मुद्दाम बघत नाही. तो रोजचाच असतो.

टेबलापाशी उभा असलेला तरुण मात्र तो बघत होता, कारण उजेडाशी त्याचं जुनं वैर होतं. तो मालिकांच्या सेटवर कंटिन्युइटी सांभाळत असे. एका शॉटमध्ये नटाच्या सदऱ्याचं वरचं बटण उघडं असेल, तर तीन दिवसांनी चित्रित होणाऱ्या पुढच्या शॉटमध्येही ते उघडंच हवं. पेल्यातलं पाणी बोटभर उतरलं असेल, तर ते बोटभरच उतरलेलं राहायला हवं. हे बघणं, वहीत टिपणं, आणि चुकलं तर हळूच जाऊन दुरुस्त करणं, एवढंच त्याचं काम. सेटवर सगळे त्याला ‘ताळमेळ’ म्हणत. तो बुजरा होता. चार माणसांत बोलायचं म्हटलं की त्याच्या घशाला कोरड पडे. पण चार माणसांतल्या कुणाची कॉलर कधी वळली, हे त्याला वर्षभराने विचारलं तरी सांगता आलं असतं.

आज तो नगरपालिकेच्या इमारतीत, नगराध्यक्षांच्या खोलीत, हातात एकोणीस छायाचित्रं घेऊन उभा होता. ती दुसऱ्या एका खोलीची होती: लाकडी फळ्यांची, तीन भिंतींची, स्टुडिओत बांधलेली. त्या खोलीत त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा अकरा वर्षं ‘साहेब’ म्हणून बसला होता. साहेब म्हणजे मालिकेतले नगराध्यक्ष. कुणापुढे न वाकणारे, गोरगरिबांचं ऐकणारे. लोकांना ते इतके आपले वाटत की एका पक्षाची माणसं घरी आली आणि म्हणाली, “तुम्हाला शिकवायचं काय? अकरा वर्षांचा अनुभव आहे तुम्हाला!” सगळे हसले होते. दाजीही हसले होते. आणि आठ महिन्यांनी दाजी खरोखरच निवडून आले.

छायाचित्रांत बघून ताळमेळने पेला उजव्या हाताला ठेवला. घंटी डावीकडे. फायलींचा गठ्ठा कोपऱ्यापासून एक वीत आत, लाल फीत खुर्चीकडे. पेन उताणं. ताईला त्याने सांगितलं होतं, “खोली ओळखीची वाटली की माणूस सैलावतो, इतकंच.” ताईला ते फार आवडलं होतं. “माझा धाकटा बोलत नाही,” ती शेजारणीला म्हणाली होती, “पण जीव लावतो.”

उजेड तेवढा त्याच्या हातात नव्हता. सेटवरच्या खिडकीबाहेर रंगवलेलं आकाश होतं आणि आकाशामागे एक दिवा. तिथे अकरा वर्षं सकाळचे दहाच वाजलेले होते.

दाजी बरोबर दहाला आले. दारात क्षणभर थांबले, आणि ताळमेळने श्वास रोखून बघितलं: गेले कित्येक दिवस त्यांच्या चेहऱ्यावर जे धुकं साचून असे, ते ओसरलं. खांदे सरळ झाले. न बघता त्यांनी डावा हात घंटीवर ठेवला, उजव्या हाताने पेला अर्धा इंच सरकवला, आणि खुर्चीत असे बसले की जणू कालच उठून गेले होते.

“वा!” दारातला हेडक्लार्क म्हणाला. तीस वर्षं त्या इमारतीत काढलेला, निवृत्तीला चार महिने उरलेला, सगळ्या जगाची गंमत वाटणारा माणूस. “आमच्याकडे नवीन अध्यक्ष आला की पहिला आठवडा खुर्चीची उंची ठरवण्यात जातो. हे तर घरी आल्यासारखे बसले.”

“घरी इतकं नीट कुठे बसतात!” दाजींसोबत आलेली ताई कोपऱ्यातल्या खुर्चीवरून म्हणाली. “घरी सोफ्यावर आडवे.”

दाजी हसले. ते हसू साहेबांचं होतं, डाव्या ओठाकडून उजवीकडे जाणारं. ताळमेळला तेही ठाऊक होतं. पण हसू ते हसू.

पहिल्या तासात चौदा फायली झाल्या. हेडक्लार्क एकेक पुढे करी, दोन वाक्यांत विषय सांगे, दाजी मान हलवत आणि लाल फितीपाशी सही करत. पंधरावी फाईल घेऊन पूल विभागाच्या इंजिनिअरबाई स्वतः आल्या. पायात चिखलाचे बूट, काखेत गुंडाळलेला नकाशा.

“साहेब, रेल्वेच्या रुळांवरचा पादचारी पूल,” त्या म्हणाल्या. “मधल्या खांबाचा आधार तडकलाय. आज बंद करायलाच हवा. शाळा चारला सुटते, दोनशे मुलं एकदम त्याच्यावरून पळत जातात. मी काल फळ्या आडव्या लावल्या होत्या, लोकांनी काढून फेकल्या. पोलिसांना तुमचा सहीचा हुकूम लागतो, त्याशिवाय ते उभे राहत नाहीत.”

दाजींनी त्यांच्याकडे बघितलं. पेन उचललं. मग त्या आवाजात, ज्या आवाजासाठी लोक जेवणाची ताटं घेऊन टीव्हीपुढे बसत, ते म्हणाले, “बाई, माणूस आधी. कागद नंतर.” आणि त्यांनी सही केली.

इंजिनिअरबाईंचे डोळे भरून आले. “अकरा वर्षं ऐकतेय हे वाक्य,” त्या हेडक्लार्कला म्हणाल्या. “समोर उभं राहून ऐकीन असं वाटलं नव्हतं.”

ताळमेळने कोपऱ्यात उभं राहून वही उघडली आणि, केवळ सवयीने, वेळ टिपली. मनावरचा मोठा धोंडा उतरल्यासारखं त्याला वाटलं. चाललं होतं. सगळं जुळत होतं.

अडीचच्या सुमारास हेडक्लार्कने त्याला बाहेरच्या खोलीत बोलावलं. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच गंमत नव्हती.

“तुम्ही घरचे ना त्यांचे?”

“मेहुणा.”

“मग एक सांगा. साहेबांना थट्टा करायची सवय आहे का?”

“थोडी. का?”

हेडक्लार्कने टेबलावर पंधरा फायली पत्त्यांसारख्या पसरल्या. “ही सही कुणाची आहे?”

ताळमेळने बघितलं आणि त्याला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. सुरुवातीचं मोठं वळण, मध्ये दोन टिंबं, शेवटी मागे फिरून नावाखालून गेलेली लांब रेघ. ती सही तो झोपेतही ओळखू शकला असता, कारण पडद्यावर ती त्यानेच केली होती. सहीचा जवळून शॉट घ्यायचा असला की दिग्दर्शक दाजींना चहाला सोडत आणि साहेबांच्या कोटाच्या बाहीत ताळमेळचा हात घालत. दाजींनीही ती हजार वेळा केली होती: लांबच्या शॉटमध्ये, आणि स्टुडिओच्या फाटकाबाहेर चाहत्यांनी पुढे केलेल्या वह्यांवर. लोकांना नटाची सही नकोच असे. त्यांना साहेबांची हवी असे.

“हे मालिकेतलं नाव आहे,” हेडक्लार्क हळू आवाजात म्हणाला. “पोलिसांनी पुलाचा हुकूम परत पाठवला. म्हणतात, या नावाचा नगराध्यक्षच नाही. बरोबरच आहे त्यांचं. अहो, हा माणूस जन्मालाच आलेला नाही!”

ताळमेळने पुलाचा हुकूम उचलून पुन्हा बघितला.

“मी निवडणुकीचा अर्ज काढून बघितला. दोन महिन्यांपूर्वीचा. त्याच्यावर सही व्यवस्थित आहे, त्यांची स्वतःची. मग कालच्या शपथेची नोंदवही काढली.” हेडक्लार्कने घसा खाकरला. “तिच्यातही हीच. काल कुणी बघितलं नाही. टाळ्या चालू होत्या.”

“घाईत... सवयीनं झालं असेल,” ताळमेळ म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडी इतकं तयार होतं की ते आपण गेली दोन वर्षं कुठे कुठे वापरलं हे त्याला त्या क्षणी एकदम आठवलं. दिग्दर्शकापाशी. ताईपाशी. प्रचारसभेच्या व्यासपीठामागे, दाजींनी एकाच सभेत तेच भाषण लागोपाठ दोनदा केलं तेव्हा. लोकांनी दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या होत्या.

“असेल,” हेडक्लार्क म्हणाला. “मग परत करून आणा. सव्वातीनपर्यंत हुकूम हातात पडला, तर मी स्वतः धावत जातो चौकीवर. या वयात.”

इंजिनिअरबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

ताळमेळ आत गेला. त्याने नवा हुकूम दाजींपुढे ठेवला.

“दाजी, ही सही परत करायची आहे.”

“रीटेक?” दाजींनी आनंदाने पेन उचललं. “मगाशी फोकस गेला का रे?”

ताई हसली. दाजींनी सही केली. मोठं वळण, दोन टिंबं, लांब रेघ.

“ही नाही, दाजी.” आवाज त्याने शांत ठेवला. “तुमची. तुमची स्वतःची सही.”

“माझीच की ही.”

“साहेबांची नाही हो, तुमची. घरची.”

“घरची म्हणजे?”

“अहो, काय चाललंय?” ताई उठून टेबलापाशी आली. अजूनही तिच्या ओठांवर हसू होतं. “पोराची फिरकी घेऊ नका, त्याला खरं वाटतं सगळं. आपल्या लग्नाच्या नोंदवहीत केली होतीत ती सही. तेव्हा पेन गळत होतं, तुमची बाही निळी झाली होती. ती करा.”

दाजी तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ताळमेळकडे बघितलं. आणि ती नजर ताळमेळच्या चांगलीच ओळखीची होती. सेटवर संवाद अडला की दाजी कॅमेऱ्याच्या काठावरून असेच त्याच्याकडे बघत. पापणी न हलवता, चेहऱ्यावरचे भाव तसेच पकडून ठेवून. मग ताळमेळने पुढचा शब्द ओठांनी नुसता दाखवायचा. दाजी तो उचलत, आणि कुणाला काही कळत नसे.

आत्ता दाजी त्याच्याकडून स्वतःच्या नावाची वाट बघत होते.

“सांग ना,” दाजी हलकेच म्हणाले. “ताळमेळ, पुढचं सांग.”

ताईचं हसू जागच्या जागी थिजलं. “धाकट्या,” ती म्हणाली, “हे असं काय करतायत?”

तो हुकूम उचलून बाहेर आला. मागून ताईची पावलं ऐकू आली, पण ती दारातच थांबली. आतल्या माणसाला एकटं सोडवेना आणि बाहेरच्याला विचारल्यावाचून राहवेना, अशी.

हेडक्लार्कला न सांगता समजलं. त्याने एक कोरा हुकूम टेबलावर ठेवला, शेजारी पेन ठेवलं, आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

“मला मोतीबिंदू आहे,” तो बाहेर बघत म्हणाला. “डाव्या डोळ्यात पूर्ण, उजव्यात अर्धा. खोलीत कोण काय लिहितं, मला दिसत नाही. झाकली मूठ झाकलेलीच बरी.”

तीन वाजून सहा मिनिटं झाली होती.

ताळमेळ खुर्चीत बसला. दाजींची खरी सही त्याला येत होती. आखूड, उभी, शेवटचं अक्षर अर्धवट सोडलेली. तो ती अशी करू शकला असता की खुद्द दाजींनाही फरक कळला नसता. आणि हा विचार मनात येताच तो दचकला, कारण दाजींना आता फरक कळतच नव्हता. एक सही. पूल बंद होईल. मुलं वळसा घालून घरी जातील. ताईला काही सांगावं लागणार नाही. उद्या खोली पुन्हा लावायची, पेला उजवीकडे, घंटी डावीकडे. उद्या दुसरा हुकूम येईल. परवा तिसरा. आणि त्या साहेबांच्या बाहीत पुन्हा त्याचाच हात असेल, फक्त या वेळी हुकूम खरे असतील आणि पूल खरे असतील.

त्याने पेन टेकवलं. कागदावर शाईचा एक ठिपका उमटला.

त्या ठिपक्याकडे बघता बघता त्याला आपली वही आठवली. दाजींचा संवाद अडला की तो वहीच्या समासात एक टिंब देई. कुणी सांगितलं नव्हतं. ती त्याची स्वतःची पद्धत. दोन वर्षांपूर्वी पानाला एखादं टिंब असायचं. पुढे दोन, पाच. शेवटच्या महिन्यांत समासातून मुंग्यांची रांग चालली होती. तो स्वतःशी म्हणत असे, ही थकव्याची टिंबं. कुणाच्या मिशीचा केस इकडचा तिकडे झाला तर ज्याला दिसे, त्याने या रांगेकडे दोन वर्षं बघून न बघितल्यासारखं केलं होतं. एकदा तर दाजींनी जेवताना ताईला विचारलं होतं, “तुमची शिफ्ट किती वाजता सुटते?” ताई गमतीने म्हणाली होती, “माझी? मेल्यावर!” तिघेही हसले होते. दाजी सर्वांत उशिरा हसले, दोघांच्या तोंडांकडे बघून. ते त्याला दिसलं होतं. त्याला सगळंच दिसत आलं होतं.

“दुसरी काही वाट आहे का?” त्याने विचारलं.

हेडक्लार्क वळला. मोतीबिंदू असलेला माणूस बघतो त्याहून बऱ्याच स्पष्टपणे त्याने ताळमेळकडे बघितलं.

“आहे. उपाध्यक्षांची सही चालते. त्या पलीकडच्या खोलीतच आहेत. पण अध्यक्ष सही करायला असमर्थ आहेत, असं घरच्या माणसानं लिहून द्यावं लागतं. कारणासकट. कधीपासून, तेही.” तो थांबला. “एकदा फाईलला लागलं की ते कागद परत निघत नाहीत, बरं का. उद्या वर्तमानपत्रात येईल. मी चार महिन्यांत घरी जाईन, तुम्हाला मात्र यांच्यासोबत राहायचंय.”

“तीन बारा,” इंजिनिअरबाई म्हणाल्या. दिवसभरातलं त्यांचं हे सर्वांत हळू बोलणं होतं.

“काय लिहायचंय?” ताई दारातून म्हणाली. “धाकट्या, काय लिहून मागतायत ते? थकलेत रे ते. तूच म्हणालास ना, थकलेत! आठ महिने झोप नाही धड. चार दिवस विश्रांती घेतली की...”

“ताई.”

“तूच म्हणालास!”

“हो. मीच म्हणालो.”

ताईच्या खांद्यावरून आतली खोली दिसत होती. सकाळचा उजेड टेबलावरून केव्हाच उतरून गेला होता. आता तो दुपारचा, पिवळट, समोरच्या भिंतीवर तिरका पडला होता. एकोणीस छायाचित्रांपैकी एकाही छायाचित्रात तो तिथे नव्हता. खुर्चीत दाजी ताठ बसून होते. डावा हात घंटीवर, चेहऱ्यावर साहेबांचं ते हसू, आणि डोळे दाराकडे, कुणीतरी ‘कट’ म्हणेल याची वाट बघत. कुणी म्हणालं नव्हतं, म्हणून ते हलत नव्हते. किती वेळ ते असे बसून राहिले असते कोण जाणे.

ताळमेळने कोरा हुकूम बाजूला सारला आणि साधा कागद ओढला. ताई येऊन त्याच्या मागे उभी राहिली. तिचा हात त्याच्या खुर्चीच्या पाठीवर होता. त्याने वहीतल्यासारख्याच लहान, सुट्या, नेटक्या अक्षरांत लिहायला घेतलं, आणि ताई एकेक शब्द उमटेल तसा वाचत गेली.

*नगराध्यक्ष आजारी आहेत. त्यांना स्वतःचे नाव आठवत नाही. हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे.*